फौजी पेन्शन आणि नादारी: दाखवावी लागते, द्यावी लागत नाही

सातारा जिल्ह्यातल्या एका निवृत्त सुभेदारांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. मेहुण्याच्या पोल्ट्रीसाठी पतसंस्थेनं दिलेल्या कर्जाला ते जामीन राहिले. पोल्ट्री बसली आणि मेहुणा गाव सोडून गेला. पतसंस्थेनं सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवला. आता वसुली अधिकारी म्हणतात, 'पेन्शन जप्त करू.' ज्या बँकेत पेन्शन जमा होते, तिथंही त्यांचं पत्र गेलं आहे. एका वकिलांनी नादारीचा, म्हणजे देणी फेडता येत नाहीत असं कोर्टाकडून ठरवून घेण्याचा, अर्ज करायला सुचवलं. पण पारावर बसणारे सांगतात, नादार ठरलं की सगळंच जातं, पेन्शनसुद्धा दर महिन्याला देणेकऱ्यांत, म्हणजे ज्यांचं देणं आहे त्या धनकोंत, वाटली जाते. सुभेदारसाहेबांना खरं काय ते हवं आहे.

सुभेदारसाहेब, मुख्य उत्तर आधी देतो, म्हणजे आज रात्री झोप लागेल. नादार ठरलात तरी तुमची पेन्शन देणेकऱ्यांच्या हवाली करावी लागत नाही. एक रुपयाही नाही. पण ती कोर्टापुढे दाखवावी लागते. अठ्ठावीस वर्षांच्या वकिलीत मी माजी सैनिकांची कर्जप्रकरणं भरपूर पाहिली. पेन्शन गमावलेले जे भेटले, त्यांची पेन्शन कोर्टानं घेतलेली नव्हती. कुणी कोऱ्या कागदावर सही केली होती, कुणी एटीएम कार्ड सावकाराकडे ठेवलं होतं, तर कुणी बँकेत गप्प बसून राहिलं होतं. म्हणून कायदा सांगतोच, पण तो हातातून कुठं निसटतो, हे जास्त सविस्तर सांगतो.

आधी एक गैरसमज. बहुतेक माजी सैनिक माझ्याकडे येतात ते आर्मी ॲक्टचं कलम २८ पाठ करून. त्या कलमात सैनिकाचा पगार आणि भत्ते दिवाणी कोर्टाच्या जप्तीतून मुक्त आहेत, हे बरोबर. पण १९५० चा तो कायदा सेवेत असलेल्यांसाठी आहे. निवृत्त माणसानं त्यावर भिस्त ठेवली की समोरचा वकील पहिल्याच तारखेला ते खोडून काढतो आणि आपली बाजू उगाच लंगडी दिसते. तुमचं संरक्षण दुसरीकडे आहे आणि ते जुनं, भक्कम आहे.

पहिला आधार १८७१ चा पेन्शन कायदा, कलम ११. सरकारनं मागील सेवेबद्दल दिलेली पेन्शन आणि त्या पेन्शनपोटी देय झालेली किंवा होणारी रक्कम धनकोच्या मागणीवरून कुठल्याही कोर्टाच्या हुकुमानं जप्त होऊ शकत नाही. त्याच कायद्याचं कलम १२ मला त्याहून मोलाचं वाटतं. पुढं मिळणाऱ्या पेन्शनीवरचा हक्क आधीच कुणाच्या नावे लिहून दिला, गहाण टाकला किंवा विकला, तर तो व्यवहारच रद्दबातल. दीडशे वर्षांपूर्वीच्या सरकारलाही ठाऊक होतं की पेन्शनर अडला की पहिल्यांदा पुढच्या महिन्याची पेन्शनच लिहून देतो.

दुसरा आधार दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६०. काय जप्त होऊ शकतं आणि काय नाही, याची यादी तिथं आहे आणि तिच्या खंड (g) मध्ये सरकारी पेन्शनरांची पेन्शन व ग्रॅच्युइटी जप्तीबाहेर ठेवली आहे. भविष्य निर्वाह निधीची सूट खंड (k) मध्ये आहे. पोटकलम (१अ) मात्र सगळ्यांनी अधोरेखित करून ठेवावं: ही सूट मी सोडतो, असा करार कुणी करून दिला तरी तो करार शून्य. पतसंस्थेच्या छापील फॉर्मात 'माझ्या पेन्शनमधून वसुली करण्यास माझी हरकत राहणार नाही' अशी ओळ असते. त्या ओळीखाली तुमची सही असेल, तरी तिच्या जोरावर कोर्टाकडून पेन्शनवर जप्ती आणता येत नाही.

आता नादारी. तुम्ही मुंबईबाहेर राहता, म्हणजे तुम्हाला १९२० चा प्रांतिक नादारी कायदा लागू, आणि अर्ज जिल्हा न्यायालयाच्या कक्षेत. मुंबईत राहणाऱ्याला १९०९ चा कायदा लागू होतो, अर्ज उच्च न्यायालयात जातो आणि मालमत्ता ऑफिशियल असायनी या अधिकाऱ्याच्या ताब्यात जाते. २०१६ ची नवी दिवाळखोरी संहिता आली तेव्हा हे दोन्ही जुने कायदे गेले, असं पुष्कळांना वाटतं. पण व्यक्तींच्या दिवाळखोरीचा तिचा भाग आतापर्यंत फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलेल्यांपुरता, १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला आहे. तुमचा मेहुणा कंपनी नव्हे, त्यामुळे तुम्ही त्यात येत नाही. मुलाच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या कर्जाला हमी दिलेला एखादा निवृत्त कर्नल त्यात येईल. त्यानंही घाबरू नये: त्या संहितेच्या कलम ७९ मध्ये बोजा नसलेली पेन्शन योजना 'वगळलेल्या मालमत्तेत' धरली आहे आणि कलम १५५ त्या मालमत्तेला दिवाळखोराच्या इस्टेटीबाहेर ठेवतं.

१९२० च्या कायद्याचं कलम २८ हा आपल्या प्रकरणाचा गाभा. पोटकलम (२) प्रमाणे नादार ठरवण्याचा हुकूम झाला की माणसाची सगळी मालमत्ता कोर्टाकडे किंवा कोर्टानं ती सांभाळायला नेमलेल्या रिसिव्हरकडे जाते. पोटकलम (४) प्रमाणे त्यानंतर मुक्तता (नादारीतून सुटकेचा हुकूम) मिळेपर्यंत जे काही नव्यानं मिळेल तेही तिकडेच. पारावरच्या मंडळींनी इथपर्यंतचंच ऐकलेलं असतं. दर महिन्याची पेन्शन नव्यानं मिळते, म्हणजे तीही गेली, असा त्यांचा हिशोब. पण पोटकलम (५) म्हणतं की दिवाणी संहितेनं किंवा अन्य कुठल्याही कायद्यानं जे जप्ती आणि विक्रीतून मुक्त आहे, ते या कलमापुरतं नादाराची 'मालमत्ता'च नाही. हिशोबाच्या वह्या तेवढ्या अपवाद. पेन्शन जप्तीतून मुक्त आहे, म्हणून ती मालमत्तेत मोडत नाही, म्हणून ती रिसिव्हरकडे जातच नाही. मुंबईच्या १९०९ च्या कायद्यातही कलम ६० प्रमाणे ऑफिशियल असायनीला पगार-उत्पन्नातला तेवढाच भाग मिळतो, जेवढा हुकूमनाम्याखाली जप्त झाला असता. पेन्शनच्या बाबतीत तो भाग शून्य.

तरीही अर्जासोबतच्या यादीत पेन्शन लिहा. पी.पी.ओ. (पेन्शन मंजुरीचा आदेश) क्रमांक, दरमहा रक्कम, विकलेली, म्हणजे एकरकमी घेतलेली, पेन्शन किती, कुठल्या बँकेत जमा होते, सगळं. एका निवृत्त नायकानं माझ्याकडे येण्याआधी दुसरीकडून अर्ज केला होता. 'पेन्शन जप्त होत नाही ना, मग दाखवायची कशाला' म्हणून ती लिहिलीच नव्हती. धनकोच्या वकिलानं पासबुकाची नक्कल काढली आणि उलटतपासणीत समोर ठेवली. पेन्शन वाचली असती ती वाचलीच, पण माणूस लबाड ठरला आणि मुक्ततेच्या वेळी न्यायाधीशांचा कल पार फिरला. मालमत्ता दडवणं हा कलम ६९ खाली गुन्हा आहे. जे कोणी घेऊच शकत नाही ते लपवून स्वतःला आरोपी का करून घ्यायचं?

मुक्ततेच्या टप्प्यावर आणखी एक बारकावा आहे, तो तुमच्या वकिलांनाही दाखवा. कलम ४१ प्रमाणे कोर्ट मुक्तता देताना पुढच्या कमाईबद्दल अटी घालू शकतं. 'पेन्शन बरी आहे, त्यातून दरमहा पाच हजार भरा' अशी अट कधी कधी तोंडी सुचवली जाते आणि आपला माणूस भिडेपोटी मान डोलावतो. माझं मत स्वच्छ आहे: जी रक्कम मालमत्तेतच येत नाही, तिला अटीच्या वाटेनं आत आणता येत नाही, आणि त्याला लेखी विरोध करावा. तुम्ही आपखुशीनं काही द्यायचं ठरवलंत तर तो तुमचा निर्णय. मी तो कधी अडवला नाही. जामीन राहिलो म्हणजे शब्द दिला, असं मानणारे फौजी मी पाहिले आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण तो आकडा घरखर्च आणि औषधपाणी वजा करून तुम्ही ठरवा, वसुली अधिकाऱ्यानं नाही.

आता खरी लढाई जिथं होते त्या बँक खात्याकडे येतो. प्रयागराजच्या संरक्षण पेन्शन कार्यालयातून किंवा स्पर्श या ऑनलाइन पेन्शन प्रणालीतून पैसे निघेपर्यंत ते सुरक्षित, यावर कुणाचा वाद नाही. १९७६ साली ज्योती चिट फंडच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कर्मचाऱ्याच्या हाती पडेपर्यंत या रकमांना सरकारी स्वरूपाचं संरक्षण आहे. १९८७ च्या विंग कमांडर हिंगोरानी प्रकरणात तर सरकारनंच सरकारी निवासस्थानाचं दंडात्मक भाडं विकलेल्या पेन्शनच्या रकमेतून कापून घेतलं होतं. कलम ११ पुढे ती कपात टिकली नाही. धनको म्हणून सरकार उभं असलं तरी तोच नियम. पण या निकालांमधलं 'हाती पडेपर्यंत' हे शब्द धनकोंच्या वकिलांनी घट्ट धरले. पैसे खात्यात आले की हाती पडले, आता ते साधे पैसे, असा त्यांचा युक्तिवाद असे आणि खालच्या कोर्टांत तो चालतही असे.

राधेश्याम गुप्ता विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या प्रकरणानं चित्र बदललं. नोव्हेंबर २००८ च्या त्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की पेन्शन आणि ग्रॅच्युइटी निवृत्ताला मिळाल्यानंतरही त्यांचं मूळ स्वरूप जात नाही, कलम ६० च्या खंड (g) चं छत्र त्यांच्यावर राहतं. तिथं ती रक्कम मुदत ठेवीत गुंतवलेली होती, तरीही. तुमच्या बँक व्यवस्थापकापुढे ठेवायचा निकाल हाच.

मात्र ओळख पटली पाहिजे. याच ठिकाणी माझी पाच-सहा प्रकरणं अडखळली आहेत. पेन्शनच्या खात्यातच उसाचं बिल येतं, मुलगा पैसे पाठवतो, म्हैस विकल्याचे पैसे भरलेले असतात. मग वीस नोंदींमधली कुठली शिल्लक पेन्शनची आणि कुठली उसाची, हे सिद्ध करताना दमछाक होते. पेन्शनचं खातं फक्त पेन्शनचं ठेवा. बाकी सगळं दुसऱ्या खात्यात. मुदत ठेव केलीत तर ती त्याच खात्यातून करा आणि पावतीमागे नोंद ठेवा. आणि एकदा त्या पैशाचा प्लॉट घेतला, गाळा घेतला, ट्रॅक्टर घेतला, की संरक्षण त्या वस्तूवर चढत नाही. ग्रॅच्युइटीतून बांधलेलं घर धनकोच्या दृष्टीनं घरच. तुम्ही स्वतः राबून शेती करत असाल तर शेतकऱ्याचं राहतं घर म्हणून कलम ६० चा वेगळा खंड मदतीला येऊ शकतो. त्यासाठी सातबाऱ्यावरचं नाव पुरत नाही, पोट शेतीवर चालतं हे दाखवावं लागतं.

तुमच्या खात्याला पतसंस्थेच्या पत्रावरून 'होल्ड' (पैसे काढण्यावर रोख) लागला आहे का, हे तुम्ही स्पष्ट लिहिलं नाही. लागला असेल तर असं करा. बँकेला लेखी अर्ज द्या, सोबत पी.पी.ओ.ची प्रत, सहा महिन्यांचा खातेउतारा, आणि पेन्शन कायद्याचं कलम ११, दिवाणी संहितेचं कलम ६० व २००८ चा निकाल. पोच घ्या. तोंडी बोलणं म्हणजे न बोलणं. तीस दिवसांत दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत तक्रार विनाशुल्क करता येते. त्याच वेळी वसुली अधिकाऱ्याकडे लेखी हरकत नोंदवा. ते म्हणतील, 'आम्ही कोर्ट नाही, आम्हाला सहकार कायदा लागू, कलम ६० नाही.' हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकलाय. जे प्रत्यक्ष कोर्टाला करता येत नाही, ते कलम १०१ च्या दाखल्यावर वसुली अधिकाऱ्याला कसं करता येईल, हा त्यावरचा माझा सवाल असतो. वसुली दाखल्यालाच आव्हान द्यायचं तर सहकार कायद्याच्या कलम १५४ खाली फेरतपासणी आहे, पण तिथं देय रकमेच्या निम्मे पैसे आधी भरावे लागतात. तुमच्याकडे तेवढे असते तर हा प्रश्नच आला नसता. म्हणून फक्त पेन्शनवरच्या कारवाईपुरती रिट याचिका हा मार्ग मला जास्त योग्य वाटतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून सातारा जिल्ह्याची प्रकरणं मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे चालतात, त्यामुळे तारखेला मुंबई गाठावी लागत नाही.

'पैसे भरा नाहीतर तुरुंग' असं कुणी म्हटलं असेल तर तेही मनातून काढा. दिवाणी हुकूमनाम्याखाली अटक होते, पण ऐपत असून मुद्दाम टाळणाऱ्याला. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५१ च्या स्पष्टीकरणात लिहिलंय की ही ऐपत मोजताना जप्तीतून मुक्त असलेली मालमत्ता हिशोबात धरायची नाही. म्हणजे 'याला एकतीस हजार पेन्शन आहे, ऐपत आहे' हे वाक्यच कायद्यात बसत नाही. हे स्पष्टीकरण कोर्टात वाचून दाखवावं लागतं. दरखास्तीच्या, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या, कामात ते आपोआप कुणाच्या लक्षात येत नाही.

पेन्शन सोडून जी कमाई आहे तिचं गणित वेगळं. तुम्ही एमआयडीसीत सुरक्षा अधिकारी म्हणून जाता असं लिहिलंय. तो पगार आहे, पेन्शन नव्हे. त्यातले पहिले एक हजार आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित, बाकीचा एक तृतीयांश जप्त होऊ शकतो. सोळा हजार पगार असेल तर पंधरा हजारांचा तिसरा हिस्सा, महिना पाच हजार. नादारीत हे पाच हजार रिसिव्हर मागू शकतो. साध्या दरखास्तीत एकाच हुकूमनाम्यापोटी अशी जप्ती एकूण चोवीस महिन्यांपलीकडे चालत नाही.

पेन्शनवर तुमचं स्वतःचं कर्जही आहे. त्याचा हप्ता बँक कापते तो जप्ती म्हणून नाही, तुम्ही दिलेल्या संमतीवर. तो थांबवायचा तर संमती लेखी मागं घ्यावी लागेल आणि बँक भांडेल. पण परतफेडीच्या मँडेटला (खात्यातून हप्ता आपोआप वळता करण्याच्या परवानगीला) शिल्लक न ठेवता ते परत जाऊ देऊ नका, आणि दिलेले चेकही. तिथं फौजदारी सुरू होते आणि नादारीचा हुकूम तिला थांबवत नाही. पेन्शन कर्जाचा हप्ता झेपत असेल तर तो चालू ठेवा आणि तेही यादीत दाखवा, असं मी बहुतेकांना सांगतो.

एका जागी पेन्शनचं कवच चालत नाही, तेही सांगितलं पाहिजे. बायको-मुलांची पोटगी हे 'धनकोचं देणं' नाही, म्हणून त्यासाठी पेन्शनवर जप्ती येऊ शकते, अशी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाची भूमिका आहे आणि मला ती न्याय्य वाटते. पेन्शन कुटुंबासाठी आहे, कुटुंबापासून लपण्यासाठी नाही. नादारीतून मुक्तता मिळाली तरी पोटगी, सरकारी देणं आणि फसवणुकीतून उभं राहिलेलं देणं फिटत नाही. उलट, तुमच्या पश्चात वहिनींना मिळणाऱ्या कुटुंब पेन्शनीला तुमच्या देणेकऱ्यांनी हात लावण्याचा प्रश्नच नाही. कुटुंब पेन्शन ही मृताच्या इस्टेटीचा भाग नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्येच स्पष्ट केलंय. फक्त त्यांच्याकडून कुठल्याही कागदावर जामीनदार म्हणून सही घेऊ देऊ नका.

नादारीचा अर्ज करावा का? पतसंस्थेचं एकच देणं असेल आणि तारण जमीन नसेल, तर मी आधी एकरकमी तडजोडीचा प्रयत्न करीन. तुमची पेन्शन हाती लागणार नाही हे पतसंस्थेला एकदा कळलं की व्याजावर बोलणी होतात. नादारीची किंमतही आहे: मुक्तता मिळेपर्यंत ग्रामपंचायत-पंचायत समितीची निवडणूक लढवता येत नाही, आणि तारण असलेल्या धनकोचा तारणावरचा हक्क कायमच राहतो. तीन-चार ठिकाणची देणी असतील, दर आठवड्याला बेलीफ दारात येत असेल, तर मात्र अर्ज करा. हुकूम झाल्यावर कोर्टाच्या परवानगीशिवाय नवे दावे थांबतात आणि कलम ३१ खाली अटकेपासून संरक्षण मागता येतं.

अर्जाच्या आधी शेत मुलाच्या नावे करायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी दिलाय. करू नका. अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांतलं विनामोबदला हस्तांतरण कलम ५३ खाली रद्द होऊ शकतं. शेत तर परत येईलच, शिवाय तुमच्या शब्दावरचा कोर्टाचा विश्वास जाईल, आणि पेन्शनच्या मुद्द्यावर तो विश्वास तुम्हाला लागणार आहे.

एटीएम कार्ड किंवा पासबुक कुणा खासगी सावकाराकडे असेल तर ते आजच परत मागा, बँकेला सांगून जुनं कार्ड बंद करा. सावकार विनापरवाना असेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करा. वकिलाची फी अडचण असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांना मोफत कायदेशीर मदत मिळावी म्हणून नालसानं (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं) २०२५ साली वीर परिवार सहायता योजना सुरू केली आहे. जाताना पी.पी.ओ., खातेउतारा, वसुली दाखल्याची प्रत आणि जामीनपत्राची प्रत सोबत न्या. जामीनपत्राची प्रत तुमच्याकडे नसेल तर आधी पतसंस्थेकडे लेखी मागणी करा. त्यात नेमकं काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय पुढचं पाऊल ठरवता येणार नाही.